पराभवाचा तपशील

आपल्या ओळखीच्या माणसांत असा एखादा गृहस्थ बहुधा असतोच, की जो कचेरीतून परतताना आणावयाच्या चार जिनसांपैकी दोन हटकून विसरतो, परंतु पंधरा वर्षांपूर्वी परगावच्या स्पर्धेत एका अनोळखी मुलाशी हरलेला आपला डाव, कागदाचा आधार न घेता, पहिल्या खेळीपासून अखेरच्या खेळीपर्यंत पटावर मांडून दाखवितो. आणि मध्येच एके ठिकाणी थांबून 'इथे उंट मागे घ्यायला हवा होता' असे सांगताना त्याचा स्वर आजही किंचित दुखावलेला असतो. याच गृहस्थाच्या आचरणात आणखी एक कोडे आहे. मे महिन्याच्या सुटीत, प्रसंगी किरकोळ रजा खर्ची घालून आणि प्रवेशशुल्क पदरचे भरून, तो एसटीने सांगली किंवा कोल्हापूर गाठतो. एखाद्या शाळेच्या सभागृहात लाकडी बाकावर बसून दिवसाला दोन दोन डाव खेळतो. बक्षिसाच्या यादीत त्याचे नाव येण्याचा संभव त्याला स्वतःलाही वाटत नसतो. खेळलेल्या डावांपैकी जवळजवळ निम्मे तो हरतो. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातो.

हा क्रम दोनचार वर्षे चालला असता तर त्यास तारुण्याचा उत्साह म्हणता आले असते. परंतु तो तीस तीस वर्षे चालतो, नोकरी, संसार, बदल्या, आजारपणे या सर्वांतून वाट काढीत चालतो, तेव्हा त्याचे कारण अधिक खोलवर शोधणे प्राप्त होते. घरची माणसे त्याला 'व्यसन' म्हणतात आणि परके लोक 'जिंकण्याची ईर्षा' म्हणतात. व्यसन म्हणावे, तर व्यसनी मनुष्य आपल्या व्यसनाचा अभ्यास करीत नाही; ईर्षा म्हणावी, तर निम्म्या पराभवांनी ती केव्हाच विझून जावयास हवी होती. माझ्या मते या निष्ठेचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. बुद्धिबळात पराभवाला कारण असते, ते कारण पटावरच पडलेले असते, आणि शोधू पाहणाऱ्याला ते सापडते. जगात ज्या थोड्या गोष्टींविषयी असे निश्चितपणे म्हणता येईल, त्यांत या चौसष्ट घरांची गणना करावी लागेल.

नजरेला काय दिसते

प्रथम स्मरणशक्तीचे कोडे घेऊ. बुद्धिबळपटूंच्या स्मृतीने मानसशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून आकृष्ट केले आहे. फ्रान्समधील आल्फ्रेद बिने याने १८९४ साली, पट न पाहता खेळणाऱ्यांच्या मनोव्यापारांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. परंतु या प्रश्नाला खरी दिशा दिली ती आद्रियान द ग्रोट या डच संशोधकाने. तो स्वतः उत्तम खेळाडू होता. १९३७ आणि १९३९ या दोन्ही ऑलिंपियाडांत तो हॉलंडच्या संघातून खेळला होता. त्यामुळे अलेखाइन, केरेस, ऑयवे यांसारख्या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूंना आपल्यासमोर बसवून 'विचार मोठ्याने बोलत करा' असे सांगण्याची सोय त्याला लाभली. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधातून निघालेला निष्कर्ष लोकसमजुतीस धक्का देणारा होता: श्रेष्ठ खेळाडू सामान्य चांगल्या खेळाडूपेक्षा फार पुढच्या खेळ्यांचा हिशोब करतो असे दिसले नाही. मात्र काही क्षणांपुरती दाखविलेली स्थिती तो जवळजवळ अचूक मांडून दाखवी, आणि कच्च्या खेळाडूला ते मुळीच साधत नसे.

यापुढचे पाऊल १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी टाकले. खऱ्या डावातील एक स्थिती त्यांनी पाच सेकंद दाखविली. दोन डझनांच्या आसपास असलेल्या मोहऱ्यांपैकी निष्णात खेळाडूने सुमारे १६, मध्यम खेळाडूने ८, आणि नवशिक्याने ४ मोहरी योग्य घरांत ठेवली. मग त्यांनी तीच मोहरी पटावर कशीही, अर्थ नसलेल्या क्रमाने विखरून ठेवली आणि प्रयोग पुन्हा केला. तेव्हा निष्णाताची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. यावरून उघड झाले ते असे, की निष्णाताच्या डोक्यात काही मोठे कोठार नव्हते. त्याची नजर निराळ्या रीतीने वाचीत होती.

ही रीत समजण्यास आपले स्वतःचे वाचन पुरेसे आहे. 'महाराष्ट्र' हा शब्द पाहताना आपण 'ह'ला काना कुठे, 'ष'ला काय जोडले आहे, हे तपासत बसत नाही. एका दृष्टिक्षेपात सबंध शब्द उचलतो, आणि म्हणूनच एखादे वाक्य एकदा वाचून पुन्हा म्हणून दाखवू शकतो, मात्र तितकीच अक्षरे विस्कटून दिली तर पहिल्या ओळीतच अडखळतो. बुद्धिबळपटूलाही किल्लेकोट केलेला राजा, त्यापुढची तीन प्यादी आणि बाजूचा हत्ती ही पाच मोहरी वेगळी दिसत नाहीत. ती सर्व मिळून त्याला एक शब्द असतो. माणसाच्या तात्कालिक स्मृतीत एका वेळी फार थोड्या वस्तू मावतात. परंतु त्यांतील प्रत्येक वस्तू जर पाच मोहऱ्यांची असेल, तर सबंध पट त्यात मावतो. निष्णाताजवळ असे हजारो आकृतिबंध साठलेले असतात. बाजाराच्या यादीत असे कोणतेच आकृतिबंध नसल्यामुळे साबण आणि हिंग विसरले जातात. त्यात पत्नीविषयी अनादर नसतो, हे येथे नोंदवून ठेवणे न्यायाचे होईल.

आता याचा निष्ठेशी संबंध पाहा. हौशी खेळाडूचा शब्दसंग्रह मर्यादित असतो, पण तो प्रत्येक डावागणिक, प्रत्येक पराभवागणिक वाढत असतो. दहा वर्षांपूर्वीचा आपलाच डाव पुन्हा मांडला असता त्यात पूर्वी न दिसलेले काही दिसते: ज्या घोड्याकडे तेव्हा लक्षच गेले नव्हते, तो आता सबंध डावाचा कणा असल्याचे ध्यानात येते. मोहरी तीच, खेळ्या त्याच; परंतु पाहणारा अधिक साक्षर झालेला असतो. ज्या छंदात माणसाची जुनी सामग्रीही अशी नव्याने फळ देत राहते, तो छंद वयाबरोबर ओसरत नाही यात नवल नाही.

तीन मोहऱ्यांचा पट

सोंगट्यांत कवड्या दान देतात, पत्त्यांत वाटप देते, क्रिकेटमध्ये नाणेफेक आणि खेळपट्टी यांवर अर्धे खापर फोडता येते. बुद्धिबळाच्या पटावर झाकलेले असे काहीच नसते. प्रतिस्पर्ध्याजवळ जे आहे ते सर्व माझ्यासमोर उघडे असते, आणि कोणाच्याही वाट्याला दैव येत नाही.

तरीही हा उघडा पट कोणी पूर्णपणे वाचलेला नाही. पांढऱ्याला पहिली खेळी २० प्रकारे करता येते; काळ्याने उत्तर दिले की शक्य जोड्या ४०० होतात; पांढऱ्याच्या दुसऱ्या खेळीनंतर ८,९०२ आणि काळ्याच्या दुसऱ्या खेळीनंतर १,९७,२८१. दोघांच्या अवघ्या दोन दोन खेळ्या झाल्या आहेत, आणि मार्गांची संख्या दोन लाखांच्या घरात पोहोचली आहे. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५० साली अंदाज बांधला, की शक्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी प्रचंड असावी. परंतु मला या अवाढव्य संख्येपेक्षा पटावर तीनच मोहरी उरली असता जे घडते ते अधिक विस्मयकारक वाटते, आणि हौशी खेळाडूच्या भक्तीचे मर्मही तेथेच अधिक स्पष्ट दिसते.

पांढरा राजा ई५ या घरात आहे, त्याचे एकुलते प्यादे त्याच्या मागे ई४ वर आहे, आणि काळा राजा एकटाच ई७ वर उभा आहे. दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच मोकळे घर. आता खेळण्याची पाळी कोणाची, हा एकच प्रश्न विचारावयाचा. पाळी काळ्याची असेल, तर त्याला बाजूला सरकावे लागते. तो डावीकडे सरकला की पांढरा राजा उजवीकडून पुढे घुसतो, प्याद्याची वाट राखतो, आणि प्यादे यथाकाल वजीर होते. पाळी पांढऱ्याची असेल, तर बाजूला सरकणे त्याच्या वाट्याला येते; काळा राजा पुन्हा त्याच्यासमोर येऊन उभा राहतो, आणि अखेरीस पांढऱ्यापुढे दोनच पर्याय राहतात: एक तर प्यादे गमवावे, नाहीतर काळ्या राजाला शह नाही आणि हलावयास घरही नाही अशा कोंडीत आणून डाव बरोबरीत सोडवावा. मोहरी तीच, घरे तीच. फरक इतकाच, की हलण्याचा हक्क कोणाकडे आहे. नवशिका खेळाडू खेळीच्या हक्काला नेहमी लाभ समजतो. येथे तो हक्क एखाद्या सक्तीच्या नोटिशीसारखा अंगावर येतो. ही गोष्ट ज्याला प्रथम उमगते, त्याला त्या संध्याकाळी झोप येत नाही, आणि तो खेळाडू या खेळातून पुन्हा सुटत नाही.

मार्सेल ड्युशां हा विसाव्या शतकातील चित्रकलेला निराळे वळण देणारा फ्रेंच कलावंत याच मर्मात अडकला. ऐन कीर्तीच्या काळात त्याने आपला बहुतेक वेळ चित्रांकडून काढून पटाकडे वळविला, ऑलिंपियाडांत तो फ्रान्सकडून खेळला, आणि १९३२ साली व्हिताली हाल्बरश्टाट याच्या सहकार्याने त्याने एक ग्रंथ लिहिला, ज्याचा विषय समोरासमोर उभ्या राहणाऱ्या राजांचे हे घराघरांतील नातेच होता. त्यातील स्थिती प्रत्यक्ष डावात इतक्या क्वचित येतात, की त्या ग्रंथाचा स्पर्धेत उपयोग होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तो लिहिण्यासाठी एवढा मोठा कलावंत झिजला. १९२७ साली त्याचे लग्न झाले, तेव्हा नवपरिणीत पत्नीने रात्री रात्री चालणाऱ्या या अभ्यासाला कंटाळून मोहरी सरसाने पटाला चिकटवून टाकली, असे त्याचा मित्र मान रे याने लिहून ठेवले आहे. ते लग्न काही महिन्यांतच मोडले. ही कथा लोक गंमत म्हणून सांगतात; मला त्या पत्नीची बाजू तितकीच खरी वाटते. निष्ठेचा खर्च नेहमी निष्ठावंतच भरतो असे नाही, आणि हौशी खेळाडूच्या घरातील माणसे त्या खर्चाचा मोठा वाटा मुकाट्याने उचलीत असतात.

डावाचे दफ्तर

कारण पटावर असते हे खरे. परंतु डाव संपल्यावर मोहरी डब्यात जातात. मग ते कारण उरते कोठे? ते कागदावर उरते. बुद्धिबळाच्या दीर्घ मुदतीच्या स्पर्धांत दोन्ही खेळाडूंनी प्रत्येक खेळी लिहून ठेवणे सक्तीचे आहे. आडव्या रांगांना १ ते ८ अंक, उभ्या रांगांना ए ते एच अक्षरे. मोहरे कोणते आणि ते कोणत्या घरात गेले, एवढे लिहिले की खेळी पूर्ण झाली. अलेप्पोचा फिलिप स्टॅमा याने अठराव्या शतकातच या पद्धतीचा पुरस्कार केला होता.

या साध्या सोयीचे परिणाम दूरवरचे आहेत. गवयाची मैफल विरून जाते, कुस्ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत राहते. परंतु तालुक्याच्या गावी एका शिक्षकाने आणि एका किराणा दुकानदाराने खेळलेला डाव जगज्जेत्याच्या डावाइतकाच पूर्णपणे जतन होतो, त्याच लिपीत, त्याच परिमाणांत, शंभर वर्षांनी उघडला तरी एकही खेळी न गळता. सामान्य माणसाच्या आयुष्यातील किती कृत्यांचा असा बिनचूक दस्तऐवज मागे राहतो? हौशी खेळाडूच्या कपाटातील जीर्ण वह्या पाहून घरचे लोक त्या रद्दीत घालावयास निघतात. पण त्या वह्यांत त्याच्या विचारांचे अनेक वर्षांचे दफ्तर असते, आणि ज्या दिवशी त्याने भीतीपोटी हल्ला सोडून दिला तो दिवसही तारखेनिशी त्यात नोंदलेला असतो.

नोंदीमुळेच टपालाने बुद्धिबळ खेळणे शक्य झाले. एक खेळी पोस्टकार्डावर लिहावयाची, ते टाकावयाचे, उत्तराची वाट पाहावयाची. देशोदेशींची भाषा व लिपी आड येऊ नये म्हणून अक्षरांच्या जागीही अंक आले: ई ही पाचवी उभी रांग, म्हणून ई२ वरून ई४ वर गेलेले प्यादे '५२५४' असे लिहावयाचे. विचारास मुदत साधारणतः दहा खेळ्यांना तीस दिवस, त्यात प्रवासाचे दिवस निराळे. एक डाव वर्ष-दोन वर्षे सहज चाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल-तपासणी खात्याने परदेशांशी होणारा हा व्यवहार बंद केला, कारण अंकांनी भरलेले ते कार्ड आणि हेराचा गुप्त संदेश यांत फरक करणे अवघड होते. ज्यांना एकमेकांचा चेहराही ठाऊक नाही, आवाजही ठाऊक नाही, अशा दोन गृहस्थांनी दोन वर्षे एकमेकांच्या विचारांचा इतक्या बारकाईने वेध घ्यावा, हा मैत्रीचा एक निराळाच प्रकार म्हणावा लागेल.

निम्मे डाव हरण्याची व्यवस्था

आता दुसरे कोडे. आपला गृहस्थ निम्मे डाव का हरतो? त्याचे उत्तर त्याच्या बुद्धीत शोधण्याचे कारण नाही. ते स्पर्धेच्या व्यवस्थेत आहे.

बहुतेक खुल्या स्पर्धा 'स्विस पद्धती'ने होतात. १८९५ साली झुरिक येथे ती प्रथम वापरली गेली. या पद्धतीत हरलेला खेळाडू बाद होत नाही. प्रत्येक फेरीनंतर ज्यांचे गुण सारखे, त्यांच्या जोड्या लावल्या जातात. ६४ खेळाडू आहेत, फेऱ्या सहा आहेत, आणि सोयीसाठी बरोबरी कोठेच झाली नाही असे धरू. पहिल्या फेरीनंतर ३२ जणांचा एक गुण, ३२ जणांचा शून्य. दुसरीनंतर दोन गुणांचे १६, एका गुणाचे ३२, शून्याचे १६. असे करीत सहावी फेरी संपते तेव्हा सहाच्या सहा जिंकणारा एकच उरतो, सर्व हरणाराही एकच. पाच गुणांचे ६, चारांचे १५, तिनांचे २०, दोनांचे १५, आणि एकाचे ६. म्हणजे ६४ पैकी ५० जण दोन ते चार गुणांच्या पट्ट्यात. जिंकलात की पुढचा प्रतिस्पर्धी अधिक बलवान, हरलात की किंचित सोपा. जो ज्याच्या जोडीचा, त्याच्यासमोर तो आपोआप येऊन बसतो.

हेच काम दीर्घ काळाच्या मापाने करणारी व्यवस्था म्हणजे गुणांकन, ज्याला खेळाडू 'रेटिंग' म्हणतात. तिचा जनक आर्पाद एलो हा मूळचा हंगेरियन, अमेरिकेत मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, आणि स्वतः हौशी खेळाडू. त्याची पद्धत अमेरिकन संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तत्त्व सोपे आहे. दोघांच्या अंकांतील फरकावरून निकालाची अपेक्षा काढावयाची: फरक शंभराचा असेल तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत, दोनशेचा असेल तर ७६. मग प्रत्यक्ष निकाल आणि अपेक्षा यांतील अंतराला एका ठराविक आकड्याने गुणावयाचे. प्रस्थापित हौशी खेळाडूंसाठी तो आकडा आज २० आहे. समजा १५०० चा खेळाडू १७०० च्या खेळाडूशी बसला. त्याच्याकडून अपेक्षा ०.२४ गुणाची. तो जिंकला तर ०.७६ गुणिले २०, म्हणजे १५.२ अंक मिळतात. बरोबरी झाली तरी ५.२ मिळतात, हरला तर केवळ ४.८ जातात. बलवानाशी हरण्याची शिक्षा सौम्य, दुर्बलाशी हरण्याची कडक.

या हिशोबाचा एक सूक्ष्म परिणाम असा, की खेळाडू जसजसा सुधारतो तसतसे त्याचे प्रतिस्पर्धीही सुधारलेले असतात, आणि त्याचे यशाचे प्रमाण पुन्हा निम्म्याच्या आसपास येऊन स्थिरावते. म्हणून निम्मे हरणे हे स्थिर राहण्याचे लक्षण असले, तरी घसरणीचे नव्हे. आणि प्रगती पाहावयाची तर 'किती जिंकलो' हा प्रश्न सोडून 'कोणाशी हरलो' हा विचारावा लागतो. जी लढत आपल्या ताकदीच्या नेमक्या सीमेवर चालते, तिच्यातच मनुष्याचे सर्व अवधान गुंतते. तालमीत वस्ताद आपल्या पठ्ठ्याला जोडीचाच गडी निवडून देतो. तेच काम येथे गणित करते, आणि तेही कोणाची भीड न ठेवता.

| शागीर्दाचे कूट |
|---|
| हौशी मंडळींतील एक वर्ग प्रतिस्पर्ध्याशी न खेळता कूटे रचण्यात रमतो: 'पांढऱ्याने अमुक खेळ्यांत मात करावी'. १८४५ साली लंडनच्या 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल' या मासिकात 'शागीर्द' अशा सहीने हिंदुस्थानातून आलेले एक कूट छापले गेले. रचणारा होता दिल्लीचा पाद्री हेन्री लव्हडे. युक्ती अशी: काळ्या राजाला हलावयास जागा उरलेली नाही, तो कोंडला गेला तर डाव बरोबरीत जाईल. म्हणून पांढरा आपले एक लांब पल्ल्याचे मोहरे एका विशिष्ट घराच्या पलीकडे नेऊन ठेवतो, मग दुसरे मोहरे त्याच घरात आणून स्वतःचीच रेषा अडवितो. काळ्या राजाला श्वास घेण्यास एक घर मिळते. तो त्यात पाऊल टाकतो. अडविणारे मोहरे बाजूला होते, आणि मागून उघडलेल्या शहाने मात होते. आपल्याच मोहऱ्याची वाट आपणच रोखून जिंकण्याच्या या कल्पनेला कूटरचनेच्या शास्त्रात आजही हिंदुस्थानचेच नाव आहे. |

नोकरी सांभाळून

आज हिंदुस्थानात ग्रँडमास्टर पुष्कळ झाले आहेत, आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून महाराष्ट्रातील पालकही या खेळाकडे निराळ्या नजरेने पाहू लागले आहेत. परंतु मॅन्युएल आरन १९६१ साली देशाचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले, आणि विश्वनाथन आनंद १९८८ साली पहिले ग्रँडमास्टर. तोवर हा सबंध मुलूख हौशी लोकांनीच राखला होता. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत रचनेचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, ते कूटांचेच पुस्तक होते. पुढे कलकत्त्यास जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरला मुफसिलातील महेशचंद्र बंद्योपाध्याय हा प्रतिस्पर्धी लाभला. महेशचंद्र देशी रीतीत तयार झालेला होता. त्या रीतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, त्यामुळे डावाची बांधणी संथ आणि आतून होई. हीच सवय त्याने विलायती नियमांतही ठेवली आणि मध्यभाग लगेच न व्यापता उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसवून दुरून मारा धरला. युरोपला ती मांडणी चमत्कारिक वाटली. आज जगभर 'इंडियन' या नावाने ओळखले जाणारे बचाव त्या मुफसिलातील हौशी खेळाडूची आठवण नकळत वागवीत आहेत.

महाराष्ट्रात या परंपरेचे सर्वांत बळकट ठाणे सांगली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे तेथे वर्षानुवर्षे स्पर्धा भरविल्या, मुलांना शिकविले, आणि भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांसारख्या खेळाडूंना पुढे आणले. अशा मंडळांचा कारभार चालतो तो पट मांडणाऱ्या, फेऱ्या लावणाऱ्या, घड्याळांना किल्ली देणाऱ्या आणि मुलांच्या आयांना 'शेवटचा डाव अजून चालू आहे' असे सांगणाऱ्या माणसांवर. त्यांची नावे स्पर्धेच्या निकालपत्रकात नसतात. परंतु ती नसती तर निकालपत्रकच निघाले नसते.

हौशी याचा अर्थ कच्चा, असा एक गैरसमज आहे. तो दूर करण्यास दोन दाखले पुरेत. माक्स ऑयवे हा अॅमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवीत असे. १९२८ साली तो हौशी खेळाडूंचा जगज्जेता झाला, आणि १९३५ साली खुद्द अलेखाइनचा १५½–१४½ असा पराभव करून सर्वांचाच जगज्जेता झाला. दुसरा ह्यू अलेक्झांडर. हा ब्रिटिश गणिती महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मन सांकेतिक लिपीची उकल करणाऱ्यांत अग्रभागी होता, आणि युद्धानंतर सरकारच्या त्याच गुप्त खात्यात १९७१ पर्यंत नोकरीस राहिला. खात्याच्या स्वरूपामुळे रशियाच्या गोटातील देशांत स्पर्धेसाठी जाण्यास त्याला मनाई होती, म्हणजे त्या काळचे सर्वांत बलवान खेळाडू जेथे होते तेथेच तो जाऊ शकत नव्हता. मिळेल त्या सुटीत तो खेळे. १९५३-५४ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने सोव्हिएत खेळाडू ब्रॉन्स्टाइनला १२० खेळ्यांच्या डावात हरविले आणि पहिला क्रमांक त्याच्याबरोबर वाटून घेतला. नोकरी सोडून हा मनुष्य कोठवर गेला असता, असा प्रश्न पुष्कळांनी केला आहे. मला तो प्रश्न अस्थानी वाटतो. त्याच्यापाशी जे होते, ते पूर्णवेळ व्यावसायिकाच्या खेळाचा तुकडा नव्हे, ते स्वतःच एक पूर्ण रूप होते.

यंत्राचा निकाल

१९९७ साली डीप ब्लू या संगणकाने जगज्जेता कास्पारोव्ह याच्याशी झालेला सामना जिंकला, आणि आज खिशातल्या फोनमधील यंत्र कोणत्याही जगज्जेत्याहून बलवान आहे. टपालाच्या बुद्धिबळावर याचा आघात सर्वांत मोठा झाला: तेथे संगणकाची मदत घेण्यास आता मुभा आहे, आणि वरच्या पातळीवरील जवळजवळ सर्व डाव बरोबरीत सुटतात. मग पराभवाचे कारण शोधणे हाच ज्या निष्ठेचा आधार, तिचे काय होणार? कारण आता कोणालाही क्षणार्धात मिळते.

येथे यंत्र नेमके काय सांगते ते पाहणे आवश्यक आहे. ते प्रत्येक स्थितीला प्याद्यांच्या मोलात एक आकडा देते. अधिक एक म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याने सरस. एखाद्या खेळीनंतर आकडा एकदम घसरला की ती चूक, आणि तिच्याऐवजी कोणती खेळी हवी होती तेही ते दाखविते. परंतु खेळाडूने ती चूक का केली, हे त्या आकड्यात नसते. त्याला धोका दिसलाच नव्हता, की दिसूनही त्याने तो क्षुल्लक मानला, की घड्याळात चार मिनिटे उरल्याने त्याने पाहणेच सोडले, हे यंत्राला ठाऊक असणे शक्य नाही. ते फक्त त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ठाऊक असते, आणि तेही एकदोन दिवसच. म्हणून जुने जाणते खेळाडू तरुणांना सांगतात, की डाव हरल्यावर फोन उघडण्यापूर्वी वही उघडा. प्रत्येक वळणावर काय पाहिले, कशाची भीती वाटली आणि किती वेळ घेतला, ते खेळीच्या शेजारी आपल्या शब्दांत लिहा. आणि मगच यंत्राचा कौल घ्या. अशी वही काही वर्षे इमानाने ठेवणाऱ्याला बहुधा आढळते ते असे, की आकडा ज्या खेळीपाशी कोसळला ती खेळी केवळ परिणाम होती. तिच्या सहासात खेळ्या आधी, जेथे यंत्राने काहीच तक्रार केलेली नाही अशा एका शांत स्थितीत, त्याने वजीर-वजीर मारामारी टाळली होती, कारण समोरचा मुलगा फार वेगाने खेळत होता आणि शेवटच्या काही मोहऱ्यांच्या डावात त्याच्याशी गाठ पडू नये असे याला वाटले होते. मग तो पट मांडतो, ती मारामारी करतो, आणि उरलेल्या मोहऱ्यांनिशी तो डाव पुढे कसा गेला असता ते पाहावयास बसतो.